वर्गाबाहेरचे शिक्षण आणि दुर्गम शाळेतला शिक्षक

वर्गाबाहेरच्या शिक्षणाला जगात दोन वेगळी मुळे आहेत. एक युरोपातले. कुर्ट हान या जर्मन शिक्षणतज्ज्ञाच्या पुढाकाराने १९४१ साली वेल्सच्या किनाऱ्यावर अ‍ॅबरडोव्ही इथे ‘आउटवर्ड बाउंड’ची पहिली शाळा सुरू झाली. तरुण खलाशांना समुद्रावर आणि डोंगरात नेऊन त्यांची चिकाटी व परस्परांवरचा भरवसा वाढवायचा, हा तिचा हेतू होता. साहस शिबिरे, गिर्यारोहण, जंगलातले मुक्काम हा पुढचा बराच पसारा त्या परंपरेतला आहे. मूल चार भिंतींत वाढते, त्याला निसर्गात न्यायला हवे, असे तिथे गृहीत धरलेले असते.

दुसरे मूळ आपल्याकडच्या खेड्यापाड्यांतले आहे. मेळघाटातल्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या मुलाला निसर्गात कुणी न्यावे लागत नाही. ते गुरांमागे जाते, फाल्गुन-चैत्रात पहाटे उठून मोहाची फुले वेचते, पहिल्या पावसात खेकडे धरते, आईबरोबर रानभाज्या खुडते. त्याच्यापासून दूर असते ती शाळा. तेव्हा इथे वर्गाबाहेरचे शिक्षण म्हणजे शाळेने मुलाच्या परिसरात जाणे. हे घडवून आणणारा माणूस एकच, तिथला शिक्षक. त्याची इच्छा नसेल तर ‘परिसर अभ्यास’ हा विषयसुद्धा फळ्यावरून वहीत उतरवून संपतो. म्हणून शिक्षकाच्या उमेदीचा विचार केल्याशिवाय या विषयावर काही उपयोगाचे बोलता येत नाही.

महाराष्ट्रात या वाटेवरचे सर्वांत धाडसी पाऊल पालघरच्या किनारपट्टीवर पडले. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला केलेल्या बालशिक्षणाच्या कामाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. माँटेसोरीची महागडी साधने खेड्याला परवडणारी नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, पाने, शिंपले, खडे यांतून साधने तयार केली. अनुताई वाघ तिथेच त्यांच्या सहकारी झाल्या आणि आयुष्यभर त्या कामात राहिल्या. दलित वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच वस्तीतल्या अंगणात भरू लागली. ‘अंगणवाडी’ हे नाव त्यातूनच आले आणि १९७५ साली केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने ते देशभर नेले.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेले. इथली अडचण निराळी होती. मुलगे गुरे राखायला जात आणि मुली धाकट्या भावंडांना सांभाळत. मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका आवारात आणण्यात आली. भावंड पाळण्यात असले की बहीण वर्गात बसू शकत होती. ही ‘विकासवाडी’. गुराख्यांसाठी काढलेला मार्ग आणखी सरळ होता: शिक्षकच गुरांबरोबर कुरणात गेला. गुरे चरत असताना झाडाखाली मोजणी, अक्षरे, गाणी, गोष्टी चालत. या शाळेला ‘कुरणशाळा’ म्हणत.

कुरणशाळेत शिक्षकाच्या वाट्याला काय आले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. टेबल-खुर्ची गेली, घंटा गेली, फळा गेला. मुले कोणत्या दिशेला जातील हे गुरे ठरवणार. अशा ठिकाणी बदलीची वाट पाहत दिवस ढकलणारा माणूस टिकला नसता. जे टिकले त्यांच्यामागे ताराबाई आणि अनुताई सतत उभ्या होत्या. काय जमले, काय फसले याची चर्चा रोज करायला ती दोन माणसे शेजारीच होती. सरकारी सन्मान फार नंतर आले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले आणि अनुताईंना १९८४ साली पद्मश्री. कोसबाडचे काम पुरस्कारांच्या आशेने चाललेले नव्हते. पुढे रमेश पानसे यांनी ‘ग्राममंगल’मधून ऐने आणि दाभोण इथे हाच धागा पुढे नेला.

बाहेर जाऊन शिकवण्याचा दुर्गम शाळेतल्या शिक्षकाला स्वतःलाही फायदा असतो, आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. पहिला फायदा बहुवर्ग अध्यापनाचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार ६० पटापर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. म्हणजे पहिली ते चौथी किंवा पाचवीचे वर्ग दोघांत वाटलेले, आणि एक जण बैठकीला किंवा रजेवर गेला की सगळे एकाच्या गळ्यात. चार इयत्तांची चार पुस्तके घेऊन एका खोलीत बसले की तीन इयत्ता नुसत्या ताटकळतात. हीच चाळीस मुले एका आंब्याखाली नेली तर काम आपोआप वाटले जाते. पहिलीतली मुले गळलेली पाने मोजून दहा-दहाचे ढीग करतात. दुसरीतली मुले पाने आकारावरून आणि कडांवरून वेगळी लावतात. तिसरीतली मुले दोरीने खोडाचा घेर घेतात. चौथीतली मुले दर तासाला सावलीच्या टोकाशी खडा ठेवतात आणि सावली सर्वांत आखूड केव्हा झाली ते लिहून काढतात. झाड एकच, पण पाठ चार.

दुसरा फायदा भाषेचा. सोलापूर-लातूरकडून आलेला शिक्षक धारणी, धडगाव किंवा भामरागडच्या शाळेत रुजू होतो तेव्हा मुले कोरकू, पावरी किंवा माडिया बोलत असतात. वर्गात पुस्तकाची मराठी चालते आणि मूल गप्प राहते. शिक्षकाला ते मठ्ठ वाटते, मुलाला शिक्षक परका वाटतो. ओढ्याच्या काठावर हे नाते उलटते. हा मासा कोणता, हे फळ खाल्ले तर चालते का, या झाडाची साल कशासाठी काढतात, हे मुलाला ठाऊक असते आणि शिक्षकाला विचारावे लागते. विचारणारा शिक्षक पाहिला की मूल बोलू लागते. आधी आपल्या भाषेत आणि मग शिक्षकाला समजावे म्हणून हळूहळू मराठीत. भाषा शिकवण्याची याहून चांगली सुरुवात सापडणे कठीण आहे. नर्मदेच्या खोऱ्यात १९९० च्या दशकात सुरू झालेल्या जीवनशाळांनी स्थानिक आदिवासी तरुणांनाच शिक्षक नेमून ही दरी मुळातच भरून काढली. जिल्हा परिषदेच्या शाळेला नेहमीच ते शक्य नसते. परिसरात जाणे मात्र शक्य असते.

तरीही बहुतेक शिक्षक बाहेर पडत नाहीत. त्यांना आळशी ठरवणे सोपे आहे, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या सार्वजनिक चर्चेत बऱ्याचदा तेच झाले. जागतिक बँकेशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी २००३ साली भारतातल्या सुमारे ३,७०० शाळांना न कळवता भेटी दिल्या, तेव्हा २५ टक्के शिक्षक शाळेत नव्हते. महाराष्ट्रात हे प्रमाण राज्यांमध्ये सर्वांत कमी, सुमारे १५ टक्के, तर झारखंडात ४२ टक्के आढळले. या आकड्यांनी मोठी खळबळ उडाली. त्याच पाहणीतली दुसरी निरीक्षणे मात्र फारशी कुणी उचलली नाहीत. जास्त पगाराचे शिक्षक कमी गैरहजर असतात असे तिथे दिसले नव्हते. हजेरी बरी होती ती पक्क्या रस्त्याजवळच्या, बऱ्या सोयींच्या आणि वेळच्या वेळी तपासणी होणाऱ्या शाळांत. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या सहा राज्यांतल्या ६१९ शाळांच्या अभ्यासात शाळेत नसलेले शिक्षक १८.५ टक्के निघाले; पण त्यांतले जवळजवळ निम्मे सरकारी कामावर होते, बरेच रजेवर होते, आणि विनाकारण गैरहजर फक्त २.५ टक्के होते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात पोषण आहाराच्या नोंदी, सर्वेक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतच दिवसाचा मोठा भाग जातो. डोंगरात मोबाइलला रेंज मिळावी म्हणून शिक्षक टेकाडावर चढतो, तेही माहिती भरण्यासाठी.

धाक आणि पैसा यांचा उपयोग होतच नाही असे नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर या संस्थेच्या एकशिक्षकी केंद्रांवर एस्थर डुफ्लो, रेमा हॅना आणि स्टीफन रायन यांनी २००३ पासून एक प्रयोग केला. शिक्षकाने रोज शाळा सुरू होताना आणि सुटताना मुलांसोबत छायाचित्र काढायचे, आणि छायाचित्रांवरच्या तारखा-वेळांवरून जेवढे दिवस भरतील त्यानुसार पगार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली आणि मुलांचे गुणही काही प्रमाणात वाढले. मात्र कॅमेरा शिक्षकाला शाळेपर्यंतच आणू शकतो; पुढे कुरणात जायचे की नाही, हा निर्णय त्याचा त्यालाच घ्यावा लागतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली मांडलेला भेद इथे लागू पडतो. पिट्सबर्ग परिसरातल्या अभियंत्यांच्या आणि हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून त्यांनी दाखवले, की अपुरा पगार, वाईट देखरेख आणि गैरसोयी माणसाला नाराज करतात. त्या दूर झाल्या की नाराजी जाते, पण कामाची ओढ आपोआप येत नाही. ओढ येते ती कामातल्या यशातून, जबाबदारीतून, आपल्या कौशल्याची कुणी कदर केल्यामुळे. दुर्गम शाळेतल्या शिक्षकाला आधी राहायला खोली हवी, पिण्याचे पाणी हवे, वेळेवर पगार हवा. यात महाराष्ट्राचा इतिहास अभिमानास्पद नाही. २००० सालच्या शिक्षण सेवक योजनेत तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काढावी लागत, आणि वस्तीशाळांतले निमशिक्षक तर वर्षानुवर्षे १,००० रुपयांपासून सुरू झालेल्या मानधनावर राबले. प्राथमिक शिक्षण सेवकाचे मानधन ६,००० वरून १६,००० रुपये व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. हा अन्याय दूर करणे ही पहिली पायरी, आणि ती टाळून उमेदीची भाषणे देणे अप्रामाणिकपणाचे आहे. त्यापुढची पायरी कशी चढता येते याचे भारतातले सर्वांत मोठे उदाहरण नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात घडले. तो जिल्हा आता नर्मदापुरम म्हणून ओळखला जातो.

१९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी मध्य प्रदेश सरकारच्या परवानगीने होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ ग्रामीण उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची पद्धत बदलायला घेतली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून तिथे गेलेले जीवशास्त्रज्ञ. शाळा सरकारी होत्या, शिक्षक सरकारी होते, मुले शेतकऱ्यांची आणि मजुरांची होती. इयत्ता सहावी ते आठवीची मुले चार-चारच्या गटांत स्वतः प्रयोग करत आणि निष्कर्ष आपल्या शब्दांत लिहीत. पुढे ‘बाल वैज्ञानिक’ या नावाने निघालेल्या पुस्तकांत उत्तरे छापलेली नसत; प्रश्न आणि सूचना असत. परिभ्रमण, म्हणजे परिसरातली फेरी, हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. पाने गोळा करून त्यांचे गट पाडणे, शेतांतली माती तपासणे, पिकांचे निरीक्षण करणे, आकाशातली चंद्राची जागा रोज टिपणे, हे सगळे वेळापत्रकात होते आणि परीक्षेतही होते. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून द्यायची, आणि प्रात्यक्षिकाचे गुण वेगळे.

या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य त्याने शिक्षकाला दिलेल्या जागेत होते. उन्हाळ्यात सुमारे तीन आठवड्यांचे प्रशिक्षण असे आणि शिक्षक तिथे विद्यार्थ्यासारखे चौघांच्या गटात बसून तेच प्रयोग करत. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक आणि टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ त्यांच्याशेजारी बसत. प्रयोग फसला तर का फसला, यावर खेड्यातला गुरुजी आणि विद्यापीठातला प्राध्यापक बरोबरीने वाद घालत. एरवी ज्या शिक्षकाला तालुक्याच्या कचेरीत बसायला खुर्ची मिळत नसे, त्याच्या निरीक्षणावरून पुस्तकातला धडा बदलला जाई. महिन्यातून एकदा जवळच्या शाळांतले शिक्षक एकत्र येत, गेल्या महिन्यातले अनुभव सांगत आणि पुढच्या धड्याची तयारी करत. शाळांना भेटी देणारे लोक तपासनीस म्हणून येत नसत. मदत करणे हेच त्यांचे काम, आणि त्यांच्यातले अनेक जण स्वतः शिक्षकच होते. चांगले काम करणारे पुढे स्रोत शिक्षक होऊन इतरांना शिकवू लागले. मुलांचे प्रश्न ‘सवालीराम’ या काल्पनिक पात्राच्या नावाने येत आणि त्या नावानेच पत्राने उत्तरे जात.

१९७८ साली हा कार्यक्रम साऱ्या जिल्ह्यात गेला. १९८२ साली तो चालवण्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली, आणि पुढे तो सुमारे एक हजार शाळांपर्यंत पोहोचला. महाराष्ट्राशी त्याचे नाते जवळचे आहे. पुण्याच्या टेल्कोत काम करणारे अरविंद गुप्ता १९७८ साली रजा घेऊन तिथे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूब व काडेपेटीच्या काड्या यांतून त्यांनी भूमितीची खेळणी केली; नंतर पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रातून ती मराठी शाळांत पोहोचली. एकलव्यच्या ‘संदर्भ’ या हिंदी नियतकालिकापासून प्रेरणा घेऊन पुण्यातून ‘शैक्षणिक संदर्भ’ निघू लागले.

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने हा कार्यक्रम बंद केला आणि राज्याचे नेहमीचे पाठ्यपुस्तक परत आणले. तीस वर्षे घडवलेली शिक्षकांची फळी एका आदेशाने बिनकामाची झाली. तो निर्णय चुकीचा होता. ज्या राज्यात शिक्षकाने स्वतः विचार करावा अशी व्यवस्था तीस वर्षे चालली, तिथे ती मोडताना शिक्षकांचे मत निर्णायक धरले गेले नाही, ही त्यातली सर्वांत मोठी खंत. शिक्षकाच्या उमेदीवर उभे असलेले काम प्रशासनाच्या मर्जीवर टांगलेले राहिले तर त्याचे काय होते, हेही होशंगाबादनेच दाखवले.

आंध्र प्रदेशात मदनपल्लीजवळच्या ऋषी व्हॅलीने दुसरी बाजू सांभाळली. तिथल्या भोवतालच्या वाड्यांमधल्या एकशिक्षकी शाळांसाठी पद्मनाभ राव आणि रमा राव यांनी पायरी-पायरीने शिकवणारी कार्डे तयार केली. प्रत्येक मूल आपल्या गतीने पुढे जाते, त्यामुळे शिक्षक एकाच वेळी सगळ्यांना शिकवण्याच्या ओझ्यातून मोकळा होतो. स्थानिक गोष्टी, झाडे, कठपुतळ्या यांना तिथे जागा आहे. तयार साधने हातात असल्यामुळे नवा शिक्षकही लवकर रुळतो, हा या पद्धतीचा मोठा गुण.

महाराष्ट्रात अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटने असाच उत्साह निर्माण केला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी मुलांना स्वतः शिकू देणारे वर्ग उभे केले आणि राज्यभरातले शिक्षक ते पाहायला रांगेने गेले. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाला त्या अनुभवाचे बळ होते. परिपत्रक वाचून जे घडत नाही ते दुसऱ्या शिक्षकाचा वर्ग पाहून घडते, हे कुमठ्याने सिद्ध केले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पुढे आलेला शिक्षक जगात कुठे पोहोचू शकतो, तेही २०२० साली परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले तेव्हा दिसले.

दोन धोरणे मात्र या दिशेच्या विरुद्ध जातात. २०१७ च्या बदली धोरणात शाळांची ‘अवघड’ आणि ‘सर्वसाधारण’ क्षेत्रांत विभागणी झाली, आणि अवघड क्षेत्रात तीन वर्षे काढलेल्या शिक्षकाला बदलीचा हक्क मिळाला. सर्वांना समान न्याय म्हणून हे योग्यच आहे. पण या रचनेत डोंगरातल्या सेवेचे बक्षीस म्हणजे डोंगरातून सुटका, आणि परिसर ओळखायला, मुलांची भाषा समजायला जी तीन वर्षे लागतात ती संपताच शिक्षक निघतो. ज्याला राहायचे आहे त्याच्यासाठी घर, स्वतःच्या मुलांच्या शिक्षणाची सोय आणि वाढीव भत्ता अशी खरी ओढ ठेवायला हवी. दुसरे धोरण समूह शाळांचे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांतली मुले एका मोठ्या शाळेत आणण्याचा विचार सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयात मांडला गेला आणि त्यात नंदुरबारच्या तोरणमाळचे व पुण्याच्या पानशेतचे उदाहरण दिले गेले. मोठ्या शाळेत विषयवार शिक्षक आणि प्रयोगशाळा मिळते हे खरे. पण गाडीत बसून दहा किलोमीटर गेलेल्या मुलाचे कुरण, ओढा आणि शेत मागेच राहते. शिक्षकही त्या पाड्यापासून तुटतो.

वर्गाबाहेरच्या तासाला वेगळा निधी लागत नाही. पालकांना आधी सांगणे, पावसाळ्यात अनवाणी मुलांना गवतात न नेणे, सोबत गावातला एक जाणता माणूस घेणे आणि मुख्याध्यापकाच्या नोंदवहीत जागा लिहिणे एवढी तयारी पुरते. उरते ती शिक्षकाच्या मागे उभे राहणारी व्यवस्था, आणि तिचा सांगाडा महाराष्ट्रात आधीच आहे. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख आणि दरमहा शिक्षण परिषद. ही परिषद आज परिपत्रके वाचण्यात आणि माहिती गोळा करण्यात संपते. केंद्रप्रमुखांनी तिचा निम्मा वेळ शिक्षकांच्या निरीक्षणांना, फसलेल्या पाठांना आणि एकमेकांच्या शाळेभोवतीच्या फेरीला द्यावा. जिल्हा परिषदेने त्या वेळी दुसरे कोणतेही काम मागू नये. यासाठी नवा शासन निर्णय लागत नाही.